तुझं डावीकडचं हसू

इनास,

काल वसईच्या बाजारात औषधाच्या दुकानात मी सवयीने तुझी कागदी चिकटपट्टी आणि डोळ्यांचे थेंब मागितले. दुकानदाराने दोन्ही पिशवीत घातलं आणि साहेब कसे आहेत म्हणून विचारलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. बरे आहेत, म्हणाले आणि वटार गावच्या रिक्षात येऊन बसले. रिक्षा भरायला वेळ लागला, तेवढ्यात मांडीवरच्या पिशवीकडे लक्ष गेलं आणि तेव्हा कुठे कळलं मी काय घेऊन निघालेय ते. परत करायला उतरले नाही. नवी पट्टी आता कपाटात तुझ्या अर्ध्या संपलेल्या पट्टीशेजारी ठेवली आहे.

रोज झोपायच्या आधी तू पलंगावर पाय खाली सोडून बसायचास आणि मान मागे टाकायचास. उजव्या डोळ्यात थेंब, मग पापणी बोटाने खाली ओढून वरून पट्टी. तो डोळा स्वतःहून मिटत नसे. उघडा राहिला की कोरडा पडायचा आणि सकाळी लालभडक दिसायचा. आपण कितीही भांडलेलो असलो तरी हे काम कधी चुकलं नाही. फक्त भांडण झालेलं असलं की मी पट्टी जरा जोरात दाबायचे. तू म्हणायचास, ''बाई, नवरा आहे. पाकीट नाही चिकटवायचं.''

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेत फादर छान बोलले. तुझा कारखाना, तुझा बँड, वाडीतली केळी, माणसांना जपण्याचा तुझा स्वभाव, सगळं आलं त्यात. आपलं भांडण तेवढं आलं नाही, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. ते अर्धवट टाकून तू गेलास. हे तुझं नेहमीचंच. वाद हरायला आलास की केळींना पाणी घालायचं निमित्त काढून उठायचास. म्हणून म्हटलं, महिन्याची मिस्सा व्हायच्या आत आपणच बोलून घ्यावं. आपण घरी आपल्या बोलीत भांडायचो, पण कागद समोर घेतला की माझ्या हातून शाळेतलीच मराठी उतरते. त्यावरूनही तू हसला असतास.

सुरुवात तुझ्या ट्रम्पेटपासून करायला हवी. आपल्या लग्नातली गोष्ट अजून आपल्या आळीत सांगतात. नवरदेव म्हणून तू सुटाबुटात आमच्या दारी यायचास, तर तू बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलंस आणि स्वतःच वाजवत आलास. माझी आई दारात आरती घेऊन उभी, आणि नवरदेवाचे गाल फुगलेले. आई म्हणाली, हा मुलगा नांदणार की वाजवणार? मी घुंगटाआडून पाहत होते. म्हणजे जाळीच्या व्हेलआडून, पण तेच. तुला मी नंतर आयुष्यभर सांगत आले की मला त्या दिवशी लाजेने मेल्यासारखं झालं होतं. त्याचं खरं काय ते पुढे सांगते.

कारखान्यातून आलास की चहा, आणि चहा झाला की वाडीत जाऊन सराव. रविवार तर सगळे दुसऱ्यांच्या लग्नात. आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला बँड हवाच, लग्नाला हवा, नवं जोडपं माहेरी जातं त्या परतपावलीला हवा. मी कुरकुर करायचे. भांडी जरा आपटून ठेवायचे. तू पास्कू मास्तरांना सांगायचास की माझ्या घरात दोन बँड आहेत, एक पितळेचा आणि एक स्टीलचा. पास्कू मास्तर म्हणजे बँडचे मालक, पाचूबंदरचे, क्लॅरिनेट तोंडातून निघालं तरच बोलणारे. त्यांना ते फार आवडायचं आणि आपल्या घरी आले की हळूच विचारायचे, आज स्टीलचा वाजला का?

मग तो उपवासकाळ आला. ईस्टरआधीच्या त्या दिवसांत आपल्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे बँडही गप्प असतो, आणि बँड गप्प असला की वाजवणाऱ्यांचे ओठ सैल पडतात. ईस्टरनंतर पहिली दोन-चार लग्नं सगळेच थोडे बेसूर असतात, हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. म्हणून त्या वर्षी ईस्टरनंतर तुझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा निसटायला लागली तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. पास्कू मास्तर म्हणाले, उपास जास्त केलास, सराव कर. तू सराव केलास. हवा निसटतच राहिली. मग तू नवा माउथपीस घेतलास. मग दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एक चांगला दात घासून आलास. वाजवताना उजवा डोळा फडफडायला लागला तर शेजारची काकू म्हणाली, पुरुषाचा उजवा डोळा लवणं चांगलं, धनलाभ होणार. तू दिवसभर तेच सांगत फिरलास. अख्खा लग्नाचा हंगाम आपण ओठाला बोल लावत बसलो. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस तोंड असं ओढलं जायला लागल्यावर सरळ दवाखान्यात गेला असता. आपल्या गावात त्याला सराव कर म्हणतात.

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी फोटो समोर धरून समजावलं. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. त्या बोगद्यात तुझ्या नसेला रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची एक छोटीशी गाठ चिकटली होती. कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, त्या म्हणाल्या. 'साधी' ऐकून आपण बाहेर आलो आणि उसाचा रस प्यायलो. तू दोन ग्लास घेतलेस. साधी गाठ वाईट नसते, पण ती वाईट जागी बसू शकते, हे आपल्याला पुढच्या भेटीत कळलं.

त्या भेटीत त्यांनी रक्ताचं सांगितलं. ही गाठ रक्ताने भरलेली असते, हात लावला की वाहू शकते. दुसरीकडे कुठे वाहिलं तर आम्ही त्या रक्तवाहिनीचं तोंड जाळून बंद करतो. इथे जाळायला गेलो तर नसच जळेल. म्हणून इथे दाबायचं आणि वाट बघायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मांडीतून केसासारखी नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बुजवणार होते. मात्र त्यातली एक सोडावी लागणार होती, कारण तीच तुझ्या नसेलाही पोसत होती. तू पंपांचा फिटर. तू म्हणालास, म्हणजे एक वॉल्व्ह चालू ठेवून पाइप खोलणार. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच.

मग तू सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं.

''ओठ वाचवा. थोडी गाठ राहिली तरी चालेल. आणि नस कापायचीच वेळ आली तर मला विचारा.''

''तुम्ही झोपलेले असाल. घरच्यांना विचारू.''

''मग हिला विचारा,'' तू माझ्याकडे न बघता म्हणालास. ''हिला माहीत आहे मला काय हवंय.''

मला माहीत होतं. तेच तर सगळं दुखणं आहे.

रक्त द्यायला अख्खा बँड आला. रविवारी एका लग्नातून सरळ टेम्पोत बसून, लाल कोट आणि सोनेरी झालरींसकट. इस्पितळाच्या फाटकावरच्या माणसाला वाटलं वरात चुकून इथे आली. ज्यांचा गट जुळला त्यांचं तुझ्यासाठी ठेवलं, बाकीच्यांचं बदली म्हणून रक्तपेढीला दिलं. पास्कू मास्तरांचा गट जुळला याचा त्यांना काय आनंद. पुढे तू कधी चिडलास की म्हणायचास, मी नाही चिडलो, माझ्या अंगातलं क्लॅरिनेट चिडलंय.

ऑपरेशनच्या दिवशी पास्कू मास्तर माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर होते. आपली लेक सिंथिया नुकती चालायला शिकलेली, ती तुझ्या आईजवळ वटारला. दुपार उलटून गेली आणि ते दार उघडलं. डॉक्टरबाई स्वतः आल्या. अंगावरचा हिरवा झगा काढलेला नव्हता. मी त्या झग्याकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

त्यांनी घाई केली नाही, पण फापटपसाराही लावला नाही. रक्त थांबत नाहीये, म्हणाल्या. आत सहकाऱ्याने कापूस दाबून धरलाय. दाबलं की थांबतं, उचललं की सुरू होतं. थंड पाण्याने धुतलं, औषधात भिजवलेला कापूस भरला, पुन्हा पुन्हा थांबून बघितलं. येतंय ते नसेच्या अंगावरूनच येतंय. आता दोन रस्ते. एक म्हणजे असंच भरून, दाबून, बंद करून बाहेर यायचं. नस राहील. पण ते टिकेल असं त्या सांगू शकत नव्हत्या, रक्त आधीच फार गेलं होतं आणि आतल्या आत पुन्हा सुटलं तर तुला परत टेबलावर न्यायला वेळ मिळेल याचीही खात्री नव्हती. दुसरा म्हणजे नस कापायची, गाठ तिच्यासकट काढायची आणि रक्त कायमचं थांबवायचं.

''मग उजवी बाजू जाईल,'' त्या म्हणाल्या. ''त्यांनी मला काय सांगितलंय ते तुम्ही ऐकलंयत. म्हणून विचारायला आले.''

मी विचारलं, कुठल्या रस्त्याने माणूस नक्की घरी येईल? नक्की असं काही नसतं, त्या म्हणाल्या, पण दुसऱ्या रस्त्याने जास्त.

पास्कू मास्तर बाकावरून उठले होते. हळूच म्हणाले, ''पोरी, त्याचा ओट हाय तो.''

''कापा,'' मी म्हणाले.

शाळेत मुलांना पुस्तक उघडायला सांगते तेवढ्याच आवाजात म्हणाले. डॉक्टरबाई आत गेल्या. पास्कू मास्तर पुन्हा बसले आणि बराच वेळ आपल्या हाताची बोटं क्लॅरिनेटवर असल्यासारखी गुडघ्यावर हलवत राहिले.

लोकांना मी नंतर सांगितलं की तेव्हा मी आपल्या लेकीचा विचार केला. ते ऐकायला बरं वाटतं. मी लेकीचा विचार केला नव्हता रे. मी माझाच केला. मला तू हवा होतास. वाजवणारा, न वाजवणारा, सरळ, वाकडा, कसाही. त्या क्षणी तुझ्या त्या पितळेच्या नळीला मी खुशाल समुद्रात फेकून दिलं असतं. आज कुणी पुन्हा त्या बाकावर बसवून विचारलं तरी हाच शब्द निघेल. हे तुला सांगून झालेलं आहे, पण तू दर वेळी उठून वाडीत गेलास, म्हणून पुन्हा सांगते.

शुद्धीवर आलास तेव्हा तुझा हात आधी ओठाकडे गेला. बँडेज होतं, तोंड डावीकडे ओढलेलं. दोन बोटांनी तू उजवा कोपरा दाबून पाहिलास, जसा वाजवायच्या आधी दाबायचास तसा. मग माझ्याकडे बघितलंस.

''तुला विचारलं?''

''हो.''

''काय म्हणालीस?''

''दिसतंय की.''

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. जेवणाचं ताट आलं तेव्हा मीच तुला पेज भरवली आणि ती उजव्या बाजूने गळत राहिली. मी पुसत राहिले.

तू ओरडला असतास तर सोपं गेलं असतं. माझं घराणंच ओरडणाऱ्यांचं, मला त्याची सवय. तुझं मात्र महिनोन्महिने काही नाही आणि एकदम जेवता जेवता, मासा निवडता निवडता, ''दाबून बंद करा म्हणाली असतीस तर?''

''तर आज इथे मी एकटी बसून मासा खाल्ला असता.''

''वाजवत तरी गेलो असतो.''

एवढंच. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात तशी ही आपली प्रश्नोत्तरं झाली. वर्षानुवर्षं तीच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटची माघ महिन्यात झाली असतील, आपण वालाच्या शेंगा सोलत होतो. या वेळी मी पुढे काहीतरी बोलणार होते. तू उठलास आणि पाइप घेऊन केळींकडे गेलास.

दुसरं भांडण माझ्या बाजूचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की अंग भरलं की पिंढरीतली एक नस घेऊन तिथे जोडता येईल. पूर्वीसारखं होणार नाही, पण कोपरा थोडा उचलला जाईल, डोळा कदाचित मिटेल. मात्र लवकर करायला हवं, उशीर झाला की गालाचे स्नायूच वाळतात. मी तुझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तू म्हणालास, ''एक निर्णय तू घेतलास. हा माझा.'' पुन्हा त्या टेबलावर झोपणार नाही, पुन्हा कुणाचं रक्त घेणार नाही. मी म्हटलं, हे रागाने बोलतोस. तू म्हणालास, भीतीने बोलतो. तुझ्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि हट्ट सोडला. वेळ निघून गेली. मग मी पट्टी लावत राहिले. अजून मला वाटतं तू ऐकायला हवं होतंस. ठीक आहे, तुझा निर्णय होता. पण ऐकायला हवं होतंस.

पास्कू मास्तरांनी तुला बँडमधून जाऊ दिलं नाही. मोठा ढोल गळ्यात अडकवला आणि म्हणाले, ओट गेला, हात हाय ना. तू पहिल्या लग्नात इतका वाईट वाजवलास की नवरी हसली. मग शिकलास. फोटोवाला आला की डावी बाजू पुढे करून उभं राहायला शिकलास, चहा डावीकडून प्यायला शिकलास, खिशात कायम रुमाल. 'प' आणि 'ब' म्हणताना गालात हवा जायची, म्हणून 'पास्कू'ऐवजी नुसतं 'मास्तर' म्हणायला लागलास. वळणावरून मला घालायचास ती शीळ गेली, तिच्या जागी सायकलची घंटी आली. दोनदा वाजवायचास, शिळेच्याच चालीवर.

ट्रम्पेट कपाटावर पेटीत राहिलं. दर शनिवारी तू ते खाली काढायचास, फडक्याने पुसायचास, कळांना तेल द्यायचास आणि परत ठेवायचास. मी त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात असायचे. आणि एकदा, सिंथिया शाळेत जायला लागली होती तेव्हा, शनिवारी पेटी खाली होती आणि तू घरात नव्हतास. मी केळीच्या पानांसाठी मागे गेले तर तू विहिरीपलीकडे माझ्याकडे पाठ करून उभा होतास. डाव्या हातात ट्रम्पेट, आणि उजव्या हाताची बोटं कळांवर असायची ती ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर घट्ट दाबलेली. नुसती हवा निघत होती. पुन्हा. पुन्हा. मग एक सूर आला. फाटका, खरखरीत, पण सूर. कळा दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून तेवढा एकच. तू तो श्वास पुरेल तोवर धरून ठेवलास.

मी पानं न तोडता उलट्या पावली घरात आले. तू आत आलास, हात धुतलेस आणि विचारलंस, कुणाची म्हैस ओरडली का गं? मी म्हटलं, असेल कुणाची. आणि भांडी आपटली, कारण दुसरं काही सुचलं नाही.

आता ते राहिलेलं सांगते. माघात शेंगा सोलताना तेच सांगणार होते. मला ते ट्रम्पेट आवडायचं, इनास. नुसतं आवडायचं नाही, आपल्या लग्नात तू गाल फुगवून दारात आलास तेव्हा मला लाज नव्हती वाटली, माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. तू वाडीत सराव करायचास तेव्हा मी भांडी आपटायचे ती तुला ऐकू यावीत म्हणून, म्हणजे मी खिडकीशी उभी राहून ऐकतेय हे तुला कळू नये. बायकोने कौतुक केलं की माणूस शेफारतो असं आमच्याकडे शिकवतात. आणि ओठ गेल्यावर सांगायची सोय राहिली नाही. तुला मी काय सांगणार होते? की जे मी कापायला सांगितलं ते मलाही हवं होतं? तुला वाटायचं नुकसान एकट्या तुझं झालं. संध्याकाळी आपल्या वाडीतून ट्रम्पेट ऐकू येईनासं झालं, तेव्हा घरात बसून त्याची वाट बघणारी मीही होते. वाट बघणं चुकीचं आहे हे कळत असूनही. अजूनही दिवस कलला की कान वाडीकडे जातो.

आणि तरीही मला सगळं मिळालं, हे मी कुठल्या तोंडाने नाकारू? ती गाठ परत आली नाही. तू सिंथियाला सायकल शिकवलीस, तिच्या अंकगणिताच्या वह्या बघितल्यास, एव्हरशाईन सिटीतल्या तिच्या घरात जाऊन सगळे नळ बदलून दिलेस. तिच्या लग्नात बँड आपलाच होता. तू सुटावर ढोल अडकवून लेकीच्या पुढे चाललास, आणि म्हातारे पास्कू मास्तर काठी टेकत माझ्याशेजारी आले आणि म्हणाले, ''तवा नाय कापला असता तर आज ह्यो ढोल कोन वाजवनार होता?'' मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघून हसलास. तोंडाचा डावा कोपरा पार गालात चढला, डावा डोळा मिटला, आणि उजवी बाजू बिचारी होती तिथेच बसून राहिली. ते तुझं हसू. लेकीला दुसरं ठाऊकच नव्हतं. बालवाडीत तिने तुझं चित्र काढलं होतं, तोंडाची रेघ तिरकी. बाईंनी खोडून सरळ करून दिली तर हिने रडून शाळा डोक्यावर घेतली की हे माझे पप्पा नाहीत.

त्या सकाळी तू वाडीतून आलास, ओट्यावर बसलास आणि चहा मागितलास. मी चहा घेऊन आले तोवर तू भिंतीला टेकून गेलेला होतास. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. ना रक्त, ना गाठ. कप माझ्या हातातच होता.

तुला तयार केलं तेव्हा बँडचा लाल कोट घातला. डोळे मिटायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यांना बाजूला केलं, हे काम माझं. उजव्या डोळ्याला पट्टी लावली, रोजच्यासारखी. मग बघितलं तर डावाही अर्धवट उघडा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डाव्या डोळ्याला पट्टी लावली. थोड्या वेळाने डोळे मिटलेले राहायला लागले तेव्हा दोन्ही काढून टाकल्या, आणि मागे सरून तुझ्याकडे पाहिलं.

तोंड सरळ झालं होतं, इनास. डावी बाजू ओढत होती म्हणून ते वाकडं होतं. आता तीही सुटली आणि दोन्ही कोपरे एका ओळीत आले. माझ्या आईच्या दारात गाल फुगवून आला होता तो चेहरा. ज्याच्यासाठी मी किती वर्षं गुपचूप जुने फोटो काढून बघितले तो. शेवटी परत आला.

सिंथिया शवपेटीशी येऊन उभी राहिली.

''मम्मी, पप्पा असे होते?''

''हो,'' मी म्हणाले. ''असेच होते.''

खोटं नव्हतं ते. पण तुला म्हणून सांगते, मला तो ओळखीचा वाटेना. माझ्याशी भांडलेला, माझ्यासमोर मान मागे टाकून बसणारा, लेकीच्या वरातीत ढोल वाजवणारा तो हा नव्हता. बाहेर बँडची माणसं वाद्यं जुळवत होती. मी वाकले, तुझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं आणि तो थोडा वर सरकवला, लेकीच्या लग्नात होता तेवढा.

राहिला नाही. मी पुन्हा सरकवला.